हात जोडा, डोळे मिटा

संविधानाची उद्देशिका म्हणून होते आणि लगेच पुढची ऑर्डर येते : हात जोडा, डोळे मिटा. गोंदिया जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांच्या फाटकाबाहेर सकाळी उभं राहिलं की हेच ऐकू येतं. उपासनेचं स्वातंत्र्य मोठ्यानं घोकून अर्धं मिनिट झालेलं नसतं, तोच उपासना सुरू. कुणाला खटकत नाही. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना, सुविचार... पोरं सगळं एकाच चालीत म्हणतात.

*

घटनेचं कलम २८(३) पुन्हा नीट वाचलं. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे आधी विचारायचं, मग हात जोडायला लावायचे. आपल्याकडे उलटं आहे. ज्याला नको असेल त्यानं येऊन सांगावं. प्रवेशाच्या वेळी जात, आधार क्रमांक, बँक खातं, सगळं विचारतात. हे एवढं विचारलेलं मी पाहिलं नाही. पूर्ण सरकारी शाळेला तर २८(१) लागू : धार्मिक शिक्षणच नको. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, 'प्रार्थना म्हणजे धर्म नव्हे हो, संस्कार.'

*

महाराष्ट्रातलं गाजलेलं प्रकरण नाशिकचं, तेही मुलाचं नव्हे, मास्तरांचं. संजय साळवे हे शिक्षक प्रार्थनेच्या वेळी रांगेत उभे राहत, पण हात जोडत नसत. शाळेनं याला बेशिस्त ठरवलं आणि बारा वर्षांच्या नोकरीनंतर मिळणारी वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला : हात जोडायची सक्ती म्हणजे मूलभूत हक्काचा भंग. (शाळेचं नाव सावित्रीबाई फुले माध्यमिक विद्यालय. असो.)

साळवे सरांकडे कोर्टात दाखवायला पगाराचा कागद होता. चौथीतल्या पोराची कोणती वेतनश्रेणी अडणार? त्याचं जे काही होतं त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. मॉनिटर पाटीवर नाव लिहिते : 'डोळे उघडे'. तिला ते कसं दिसलं, हे कुणी विचारत नाही.

*

खिचडीच्या आधीचा श्लोक. सगळ्यांत पक्की सक्ती हीच. समोर ताट, पोटात भूक. बंडखोर पोरगाही पटकन म्हणून मोकळा होतो.

*

गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत गाडी जबलपूरला जाते. तिथल्याच एका वकिलानं केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अल्पसंख्याकांबरोबर नास्तिक, अज्ञेयवादी, विवेकवादी अशा पालकांच्या मुलांचा उल्लेख त्यात स्पष्ट आहे. नाहीतर आपल्याकडे 'धर्म नसलेलं मूल' हा प्रकारच कुणाच्या डोक्यात नसतो. जानेवारी २०१८ मध्ये नोटीस निघाली, जानेवारी २०१९ मध्ये न्या. नरिमन यांच्या पीठानं प्रश्न घटनापीठाकडे धाडला. सरकारचं म्हणणं, प्रार्थनेत उपनिषदातला मंत्र असला तरी ते सार्वत्रिक सत्य आहे. असेलही. पण सार्वत्रिक सत्य सांगायला हात जोडावे लागत नाहीत. पाण्याचा उत्कलनबिंदू आपण डोळे उघडे ठेवूनच शिकलो.

*

गप्प उभं राहणं हा मधला मार्ग, असं पूर्वी वाटायचं. आधार होता केरळच्या प्रकरणाचा : यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहत, गात नसत, १९८५ मध्ये शाळेनं काढून टाकलं, १९८६ मध्ये न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठानं परत घ्यायला लावलं. मग अमेरिकेतला १९९२ चा निकाल वाचला. ऱ्होड आयलंडमधल्या सरकारी शाळेचा पदवीदान समारंभ, प्रार्थनेला एक रब्बी बोलावलेले. शाळेचा बचाव, समारंभाला येणं ऐच्छिक आहे. न्यायालयाचं बहुमत म्हणालं, या वयात चारचौघांसारखं उभं राहण्याचा दबाव हीसुद्धा सक्तीच. निकाल ५ विरुद्ध ४, काठावरचा. मला पटला. तीस पोरांच्या द्विशिक्षकी शाळेत 'ऐच्छिक' असं काही नसतं.

*

आपल्या जिल्ह्यात तर सगळी पोरं एकाच देवाची असतील हे गृहीत धरणंच नवल. सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड लोक तिथे येतात, पारी कुपार लिंगोच्या नावानं. गावोगाव विहार आहेत. गोंड पोराला कचारगड आहे, बौद्ध पोराला विहार आणि १४ एप्रिल आहे. काहीच न मानणाऱ्या घरातल्या पोराला जत्रा नाही, मिरवणूक नाही, संघटना नाही. त्याच्यामागे फार तर बाप असतो. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं 'माझा कोणताच धर्म नाही' असं सांगायचा हक्क मान्य केला आहे, पण हे शाळेच्या दाखल्यावर लिहून घ्यायला गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

*

सप्टेंबर २०२२ मध्ये छगन भुजबळ म्हणाले, शाळेत सरस्वतीऐवजी सावित्रीबाई, जोतीराव, शाहू, बाबासाहेब यांचे फोटो लावा. गदारोळ झाला. फोटो बदलावा हे मलाही मान्य. पण बऱ्याच ठिकाणी तेच हात, तोच नारळ, तीच उदबत्ती आता सावित्रीबाईंपुढे. पोराला काय फरक पडला?

*

अर्जुनी मोरगावकडचा ओळखीचा एक बाप. घरात देव नाही, लग्न सत्यशोधक पद्धतीनं झालेलं. विचारलं, गुरुजींशी बोललास का?

'नाही जी. गावात शाळा एकच. उद्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, परवा दाखला, त्यांच्याच हातात. पोराला म्हटलं, नुसते ओठ हालव.'

पोराचा आवाज चांगला निघाला. या वर्षीपासून प्रार्थना तोच सांगतो.