चार भाग पनीर

गुरुवार, रात्र.

गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणलेल्या पनीरला आंबूस वास होता. भाजीत टाकल्यावर जाईल, म्हणून मी तसंच वापरलं. त्या रात्री आईला उलट्या झाल्या. पनीरमुळेच झाल्या, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण मन स्वस्थ बसेना. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली.

आज अन्न सुरक्षा अधिकारी डेअरीत आले. आधी फ्रीज उघडून पाहिला, मग भिंतीवरचा चौदा अंकी परवाना क्रमांक टिपला. नमुन्याचे पैसे मोजून दिले. पनीरचे चार भाग, प्रत्येकावर सील, साक्षीदाराची सही. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, बाकीचे राखून ठेवतात. दुकानदारालाही दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासणी मागता यावी म्हणून. ही न्यायबुद्धी मला फार मोलाची वाटली. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवसांची मुदत दिली आहे.

पण नमुना आजच्या मालाचा. आईनं खाल्लेलं पनीर मी कचऱ्यात टाकलं होतं. शुल्क भरून ग्राहकालाही विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो, हे मला आज कळलं. तो तुकडा बर्फात ठेवायला हवा होता.

डेअरीवाल्या काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पंधरा वर्षं त्यांच्याकडूनच दूध घेतेय. सकाळी पिशवी घेऊन कुठे जायचं, ठरत नाहीये.

आई आज वाटीभर पेज प्यायली.