दारावरची पाटी

जर्मनीत इमारतीला क्रमांक असतो, आतल्या बिऱ्हाडांना बहुधा नसतो. आपण पत्ता लिहिताना विंग, मजला, फ्लॅट नंबर आणि वर ‘मारुती मंदिरामागे’ असं सगळं लिहितो. स्टुटगार्टमध्ये रस्त्याचं नाव, इमारतीचा आकडा आणि आडनाव, एवढ्यावर काम भागतं. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. आडनाव नसेल तर पत्र परत जातं, मग ते बँकेचं असो की आयुर्विम्याचं. म्हणून इथे एकट्याने राहायला आलेल्या माणसाने आधी बेलच्या बटणाशेजारी आपलं नाव लावून घ्यायचं असतं.

माझं नाव लागलं त्या संध्याकाळी मी बराच वेळ दारातच उभी होते. बोटाच्या पेराएवढी पट्टी, वर पारदर्शक प्लास्टिक. वरच्या पट्टीवर एक जर्मन आडनाव, खालच्या पट्टीवर तुर्की, आणि मधे आमचं, ‘कर’ने संपणारं, मिरजेच्या शाळेत हजेरीला पुकारलं जायचं ते. त्या गावात मला हाक मारणारं तेव्हा कुणीही नव्हतं. नाव मात्र लागलं होतं.

व्हिसा, विमा, नगरपालिकेत दोन आठवड्यांच्या आत करायची नोंदणी यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. एकटेपणा कुठे गाठतो हे कुणी सांगत नाही. मला वाटलं होतं, तो दिवाळीत गाठेल. पण दिवाळीला माणसं असतात. मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत, इथे मराठी घरं आहेत, फराळ होतो, कंदील लागतो. एकटेपणा गाठतो तो मधल्याच एखाद्या मंगळवारी. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही आणि ‘जरा बघ गं’ म्हणून ती पुढे करावी असं घरात कुणी नसतं, तेव्हा.

आणि रविवारी. इथे रविवारी दुकानं बंद असतात. रविवार विश्रांतीचा, हे 1919च्या वायमार संविधानात लिहिलेलं कलम 1949च्या संविधानाने जसंच्या तसं उचललं. त्या दिवशी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत. सुरुवातीचे रविवार मला खायला उठत. चर्चच्या घंटा थांबल्या की दुपार पुढे सरकत नसे. हळूहळू मी त्या दिवसाला माझी कामं नेमून दिली. डोशाचं पीठ वाटायचं, पण मिक्सर आवाज करतो म्हणून ते शनिवारी. रविवारी नुसतं आंबू द्यायचं. हिटरजवळ ठेवलेल्या पातेल्यावरचं फडकं उचलून पीठ किती वर आलंय ते मी दोनदोनदा बघते. घरात आपल्याशिवाय आणखी काहीतरी जिवंत आहे, याचा मोठा आधार वाटतो.

घड्याळाशी जुळवून घेणं सगळ्यांत जड गेलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे येतात आणि भारताशी असलेलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचारवर जातं. उन्हाळ्यात मी साडेपाचला ऑफिसमधून निघते तेव्हा मिरजेत नऊ वाजलेले असतात, आई जेवण उरकून फोनची वाट बघत असते. त्या एका रात्रीनंतर माझ्या साडेपाचला तिकडे दहा वाजतात आणि तिचा डोळा लागलेला असतो. आमच्या दोघींमध्ये काहीही बिनसलेलं नसताना बोलणं तुटतं. आता हिवाळ्यात मी तिला सकाळी फोन करते. इकडे अजून काळोख असतो, तिकडे कुकर झालेला असतो. ती आमटीला फोडणी देते आणि मी इथे खिडकी सताड उघडून ऐकते. पाच मिनिटं थंडगार हवा आत घ्यायची आणि खिडकी लावायची, ही इथल्या घरांची शिस्त. नाही तर भिंतींना बुरशी धरते.

मग एका सोमवारी माझ्या दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली दिसली. लाकडी, सुतळीने बांधलेली, हाताळून हाताळून कडा गुळगुळीत झालेली. समोरच्या दारावरून ती माझ्याकडे आली होती. जिना झाडायची माझी पाळी होती. या भागातली ही जुनी रीत, केरवोखे. शहराने आपली सक्ती 1988 साली मागे घेतली, पण भाडेकरारांतून आणि लोकांच्या मनातून ती गेलेली नाही. आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या झाडायच्या, पुसायच्या, कठड्यावरून फडकं फिरवायचं. मोठी पाळी आली की तळघर, अंगण, फुटपाथ, आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फसुद्धा.

माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना हा जाच वाटतो. मला तो कधीच वाटला नाही. शनिवारी सकाळी बादली घेऊन मी एकेक पायरी पुसत उतरत होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून बाहेर आल्या. काही न बोलता आत गेल्या आणि एक छोटा, ताठ केसांचा ब्रश घेऊन आल्या. पायरी आणि भिंत मिळते तिथल्या कोपऱ्यात ओलं फडकं पोचत नाही, तिथे ब्रश कसा फिरवायचा ते त्यांनी वाकून करून दाखवलं. माझं आडनाव बेलवर वाचून पाठ केलेलं असावं, कारण अहोजाहो करत त्यांनी ते ठाशीवपणे उच्चारलं. त्या दिवसापासून माझी पार्सलं त्या ठेवून घेऊ लागल्या. पुढे मी मिरजेला निघाले तेव्हा समोरच्या बिऱ्हाडाशी पाळी बदलून घ्यावी लागली. आजींनी परतायची तारीख विचारून कॅलेंडरवर लिहिली. मी नसले तर जिना कोण झाडेल, हा प्रश्न त्या इमारतीला पडला होता. परदेशात मी रुळले ती तेव्हापासून. भाषा बऱ्यापैकी यायला लागली ती त्यानंतर.

पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांत तळमजल्यावर नावांचा फलक असतो. त्यावर बहुधा घरमालकांची नावं असतात. भाड्याने राहणारी मुलगी गुवाहाटीची असो की गडचिरोलीची, तिच्याकडून आपण पोलीस पडताळणीचे कागद घेतो, गणपतीची वर्गणी घेतो. तिचं नाव मात्र कुठेच लिहीत नाही आणि कामही काही सांगत नाही. तुमच्या इमारतीत असं कुणी राहत असेल तर पत्रपेटीवर तिचं नाव लावा, आणि येत्या गणपतीत एका दिवसाच्या आरतीची तयारी तिच्याकडे सोपवा.