न उठवता

काळवीट नाकापेक्षा डोळ्यांवर जास्त विसंबतो. हे एकदा डोक्यात बसलं की संध्याकाळी वावरात कुठून शिरायचं, ते आपोआप ठरतं. वारा बघायचाच, चिमूटभर माती सोडून बघायचाच; पण त्याच्या आधी उजेड बघायचा. मावळतीचं ऊन पाठीवर घेतलं की आपल्याकडे बघताना त्याचे डोळे दिपतात, आणि आपल्याला मात्र त्याच्या शिंगांचा एकेक पीळ मोजता येतो. यात खोट एकच. आपली लांबलचक सावली आपल्या आधी त्याच्यापर्यंत जाते. म्हणून धुऱ्यावरच्या बाभळींच्या सावलीतून सरकायचं. सावलीत सावली मिसळली की ती हललेली कळत नाही.

बुलढाणा जिल्हा आम्ही घाटावर आणि घाटाखाली असा मोजतो. घाटाखाली पूर्णेचा सपाट खारपाणपट्टा. घाटावर चढ-उताराची काळी-मुरमाड जमीन, मधे नाले, गवताची ई-क्लास, म्हणजे सरकारी, पड. माझं फिरणं घाटावरचं, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या बाजूचं. डिसेंबरात सोयाबीन कधीचीच निघालेली असते, तूर छातीएवढी उभी असते आणि हरभरा वीतभर. तूर माझ्या कामाची, हरभरा हरणांच्या. तुरीच्या कडेनं दबकत जायचं, पण तुरीला अंग लावायचं नाही, कारण वाळायला लागलेल्या शेंगा खुळखुळतात. हरभऱ्यात तर पाय घालायचाच नाही. एक तर ते दुसऱ्याचं पीक. शिवाय पानांवरची आंब ओरखड्यांना लागली की रात्रभर चुरचुरते.

हातात दुर्बीण आणि कॅमेरा असतो, बंदूक नाही. काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीचा विषय तिथंच संपतो. इंग्लंडात शेतांच्या कडेला रो नावाचं लहानसं हरीण असतं. त्याच्या नराची शिकार १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात रीतसर चालते, सूर्य मावळल्यावर एक तासापर्यंत. त्या बेटावर लांडगा उरला नाही, लिंक्स उरला नाही. संख्या आवरायची तर माणसालाच आवरावी लागते, असा त्यांचा हिशोब. तो तिथं पटण्यासारखा आहे. पण आपल्याकडे तोच हिशोब मांडणाऱ्यांना मी आधी विचारतो, गावाभोवतीचं गवताळ रान कुणी नांगरलं? हरणं वावरात आली असं आपण म्हणतो. पुष्कळ ठिकाणी वावर हरणांत गेलं आहे.

जवळ कसं जायचं, हे ज्ञान मात्र जुनं आहे आणि ते बंदुकीच्याही आधीचं आहे. कोल्हापूर संस्थानात चित्त्याकडून काळविटाची शिकार करवत. चित्त्याला बैलगाडीत बसवून, डोळ्यांवर टोपी चढवून कळपाजवळ नेत, कारण हरणं गाडीला बुजत नसत. पारध्यांमध्ये गायीच्या आडून सावजाजवळ जाणारे होते. त्यांना गाय पारधीच म्हणत. आज गाडीच्या जागी ट्रॅक्टर आहे. शेजारच्या वावरात ट्रॅक्टर धडधडत रोटाव्हेटर मारतो आणि काळवीट मान वर करत नाही. तोच चालक खाली उतरून चार पावलं चालला की सगळा कळप एकदम ताठ. दोन पायांवरची उभी आकृती, भीती तिचीच. म्हणून मी जनावर दिसल्यावर उभा राहत नाही. बसतो, सरकतो, ते चरताना पुढं जातो, मान वर झाली की थिजतो. सरळ त्याच्या रोखानं कधीच जायचं नाही; तिरकं, दुसरीकडेच निघाल्यासारखं जायचं, आणि त्याच्या नजरेला नजर भिडवायची नाही.

जाणता नर आपली जागा धरून असतो. लेंड्यांचा ढीग ठरलेला. तिथं येतो, हुंगतो, त्यावरच पुन्हा टाकतो. डोळ्याखालची खाच उघडून काडीच्या टोकाला आपला वास लावतो. हरणी जवळून गेली की नाक आभाळाकडे, शिंगं मागं पाठीवर टेकलेली, कान पडलेले, आणि छोट्या ताठ पावलांनी तिच्याभोवती फेऱ्या. पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी कडी, बाकी अंग काळंशार. हा काळा रंग वयानं चढतो. तरणे नर बदामी असतात आणि म्हाताऱ्यापासून अंतर राखून चरतात. हरणीभोवती फिरताना जाणता नर आपल्याच तोऱ्यात असतो, आणि नेमकं तेव्हाच दहा हात पुढं सरकता येतं.

फोटो मिळाला. आता? जुन्या शिकाऱ्याचं काम इथं संपत होतं. बार झाला की तो उठून सरळ चालत जाई. माघारी कसं यायचं, हे त्याला शिकावंच लागलं नाही. हौशी लोक अजून तसंच करतात. कॅमेरा पिशवीत घातला की उभे राहतात, पँट झटकतात, आणि वीस-पंचवीस हरणं उधळून देतात. एका शेतकऱ्यानं मला धुऱ्यावरच बजावलं होतं, “सर, फोटो काढा, पन उठवू नका. इथून उठले की माह्या भावाच्या हरभऱ्यात घुसतात. इथं खाल्लं तेवढं खाल्लं, तिकडं तुडवून ठेवतात.” त्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. चरणारा कळप शेंडे खुडतो, पण बिथरलेला कळप आडवंतिडवं पीक मोडत जातो, आणि ते नुकसान माझ्या नावावर असतं.

तेव्हा ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं, तितक्याच सावकाश, मागं सरकायचं. जाण्यापेक्षा हे अवघड, कारण आता उत्सुकता उरलेली नसते आणि गुडघे बोलत असतात. २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण वाघ महिनोन्महिने चालत त्याच वर्षाअखेरीस आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. वाटेत बहुतेक शेतंच. दिवसा नाल्यात, पऱ्हाटीत दबायचं, चालायचं रात्री. वावरातून न कळता कसं जावं, हे त्याच्याकडून शिकावं.

घाटावर हरणं बघायला येणार असाल तर गाडी पांदणीच्या तोंडाशीच ठेवा. वावरवाल्याला आधी रामराम घाला, आणि रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार कुठून गेली आहे ते त्याच्याकडूनच समजून घ्या. कुणी थेट विजेचा प्रवाह सोडला असेल तर त्या वावराच्या जवळही फिरकू नका. खाल्लेल्या, तुडवलेल्या पिकाचे चार फोटो काढून त्याच्या मोबाइलवर पाठवा. काळविटानं केलेल्या नुकसानीचीही भरपाई मिळते, पण वनविभागाकडे अर्ज लगोलग करावा लागतो आणि पंचनाम्याला पुरावा लागतो. आणि उठायचं ते पुरतं अंधारल्यावर, कळप चरत चरत लांब गेला की मगच.