तुऱ्यावरून केलेली पारख

गावठी पिल्लांत कोंबडा कोण आणि तलंग कोण, हे मी बरीच वर्षं तुऱ्यावरून सांगत असे. महिना-सव्वा महिन्याच्या पिल्लाचा तुरा उठून लालसर दिसला की कोंबडा. फिकट, बसका असला की तलंग. शेजारणी पिल्लं घेऊन यायच्या आणि मी हातात न घेताच सांगून टाकायचे.

ही पारख चालते ती फक्त एका वेळी निघालेल्या, एकाच वाणाच्या भावंडांत. माझ्याकडे मात्र असील रक्ताचा कोंबडा होता. असीलचा तुरा म्हणजे तीन बुटक्या ओळी; नराचासुद्धा लवकर वर येत नाही. त्याची पिल्लं मी साध्या गावठी पिल्लांशेजारी ठेवून पाहिली आणि बसक्या तुऱ्याची सगळी तलंगा म्हणून एका बाईला विकली. अंड्यांच्या पैशावर तिच्या घरचं तेल-मीठ चालायचं. चार महिन्यांनी त्यांतली बहुतेक आरवायला लागली. मी पैसे परत केले, पण तिचा अंड्यांचा हंगाम गेला तो गेलाच.

उलटी चूकही झाली. तलंग अंड्यावर येते तेव्हा तिचाही तुरा वाढतो, लालभडक होतो. आखाडात तसाच एक उंच, लाल तुऱ्याचा पक्षी मी कोंबडा समजून कापायला दिला. साफ करताना पाठीच्या कण्याला लगडलेले बलक दिसले: एक जवळजवळ पूर्ण वाढलेला, मग लहान, मग त्याहून लहान, आणि शेवटी मोहरीएवढ्या पिवळ्या कण्यांचा घोस. आठवडाभरात ती पहिलं अंडं देणार होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी एक दिवसाच्या पिल्लांचे पंख पसरून पाहू लागले. हॅचरीत लांब पिसांची मादी, आखूड पिसांचा नर अशी निवड होते, एवढंच ऐकलं होतं. त्यासाठी सावकाश पिसं येणाऱ्या माद्या आणि झपाट्यानं पिसं येणारे नर मुद्दाम जुळवावे लागतात, हे उशिरा समजलं. गावठीत अशी जुळणी नसते, म्हणून ती खूण आपल्या कामाची नाही.

सर्वांत वाईट वाटतं ते गुदद्वार दाबून पाहिल्याचं. जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी 1920 च्या दशकात ती पद्धत बसवली. ती शिकलेले लोक क्षणात नर-मादी वेगळे करतात. पण नव्या पिल्लाच्या पोटात बलकाची पिशवी असते, पहिले दोन-तीन दिवस ते तिच्यावरच जगतं. माझ्या अंगठ्याचा दाब जास्त झाला आणि पिल्लू संध्याकाळपर्यंत गेलं. हे घरी कुणी करू नये, असं मी प्रत्येकीला सांगते.

आता मी तीन महिने थांबते. पक्षी काखेत धरून शेपटीच्या बुडाजवळची, कमरेवरची पिसं बोटांनी उलगडते. नराची अरुंद, टोकदार, चकचकीत असतात. मादीची टोकाला गोल. मान आणि कंबर दोन्हीकडे टोकदार पिसं दिसली तरच कोंबडा म्हणते. कुणाला लहान पिल्लंच हवी असली तर नर-मादीचा शब्द देत नाही. मिसळ पिल्लं द्यायची आणि पुढे कोंबडे निघाले तर बदल्यात तलंगा द्यायच्या, हे पैसे घेण्याआधीच ठरवते.