उशिरा मिळालेलं मैदान

आमच्या पिढीतल्या मुलींचा खेळ नेमका कधी थांबला, हे कुणालाच सांगता येणार नाही. बंदी कुणी घातली नव्हती. सातवीपर्यंत शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या खो-खोच्या पाट्या होत्या, संध्याकाळी गल्लीत लंगडी आणि डबा ऐसपैस होता. आठवीत ओढणी आली, पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे आला, आणि 'आता मोठी झालीस' हे वाक्य उठता-बसता कानावर पडू लागलं. त्याच वयात भाऊ क्रिकेटच्या टीममध्ये शिरले आणि नोकरी लागेपर्यंत खेळत राहिले. पुढे खेळ त्यांचाही सुटलाच. पण त्यांचा पंचविशीत सुटला, आमचा तेराव्या वर्षी.

आता त्याच मुली पन्नाशी-साठीत मैदानावर परत आल्या आहेत. सकाळी साडेसहाला पुण्यातल्या, नाशकातल्या, साताऱ्यातल्या कुठल्याही बॅडमिंटन हॉलमध्ये डोकावून पाहा. गुडघ्यांना नीकॅप, पायात न घसरणारे बूट, केस रबरबँडने घट्ट बांधलेले. पहिल्या आठवड्यात सर्व्हिस करताना शटल हातातून सुटतं आणि रॅकेट त्याच्या वितभर वरून हवा कापत जाते. मग एके दिवशी तारांवर 'टक्' असा आवाज येतो, शटल जाळीपलीकडे जाऊन पडतं, आणि पंचावन्न वर्षांची बाई टाळी देण्यासाठी हात वर करते. बॅडमिंटनचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी घडवले. खेळाला तेव्हा 'पूना' असंच म्हणत. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये याच खेळात देशाला पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. इतका आपल्या मातीतला खेळ, पण रॅकेट हातात धरायला आम्हाला निम्मं आयुष्य थांबावं लागलं.

मोठेपणी आम्ही अगदीच खेळलो नाही, असंही नाही. श्रावणातल्या मंगळवारी रात्री जेवणं आटोपली की माजघरातले पाट-ताटं बाजूला सरायची आणि मंगळागौरीचा जागर सुरू व्हायचा. झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं. त्या रात्री वयाला विचारत कोण होतं! नव्या नवरीला दमवायला पंचावन्न वर्षांची आत्या पुढे व्हायची. फुगडीत चवडे चवड्यांना भिडवायचे, हातांची कैची करून पंजे घट्ट धरायचे, कंबर मागे टाकायची आणि सगळं वजन समोरचीच्या हातांवर सोडून द्यायचं. दोघींची उंची जुळली नाही तरी चालायचं, भरवसा जुळावा लागायचा. वेग वाढला की भिंतीवरचे फोटो, दिवा, बघणाऱ्यांचे चेहरे सगळं एका रेषेत पुसलं जायचं आणि डोळ्यांपुढे एकटी समोरची उरायची. बसफुगडीत उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकायचा. आजच्या चाळिशीतल्या धडधाकट माणसालाही ते दहा वेळा जमणं अवघड आहे. पहाटे काकणं फुटलेली असायची, पोटऱ्या भरून आलेल्या असायच्या, आणि दिवस उजाडताच त्याच बायका चुलीपुढे उभ्या असायच्या.

त्या रात्रीची दुसरी बाजू गाळली तर मात्र ही आठवण खोटी ठरेल. मंगळागौर सवाष्णींची. ज्या काकूची फुगडी नात्यागोत्यात नावाजलेली होती, ती नवरा गेल्यानंतर त्या रात्री स्वयंपाकघरात मोड आलेली मटकी निवडत बसायची. पाय तेच, दम तोच, कानावर पडणारी गाणीही तिचीच. माजघराच्या उंबऱ्याअलीकडे मात्र तिला येता येत नव्हतं. हा सण सगळ्यांच्या घरचाही नव्हता. इतर कितीतरी घरांतल्या बायकांना पंचमीचे झोके आणि फेर होते, तेही वर्षातून एकदाच. उरलेलं वर्षभर बाईच्या शरीराला काम होतं, खेळ नव्हता.

आज मंगळागौर हॉलमध्ये होते. खेळ करणारे संच असतात, एकसारख्या शिवलेल्या नऊवाऱ्या असतात, महिना-महिना आधी तालमी होतात, स्पर्धा भरतात आणि परीक्षक गुण देतात. साठी उलटलेल्या कितीतरी जणी त्यात पाय आपटून नाचतात. नवरा हयात आहे की नाही, हे आता बऱ्याच संचांत कुणी विचारत नाही. हा बदल एवढा मोठा आहे की त्यापुढे बाकीच्या तक्रारी मला लहान वाटतात. तरी एक गोष्ट सलते. माजघरात प्रेक्षक नव्हते. जी बघत होती ती पुढच्या घटकेला खेळणार होती. आता खेळणाऱ्या रंगमंचावर असतात, बाकीच्या खुर्च्यांवर, हातात मोबाइल धरून.

'आमच्या आज्यांना कुठं व्यायामाची गरज होती? जातं होतं, रहाट होता, पाणी भरणं होतं,' हे आमच्या पिढीचं लाडकं वाक्य आहे. मला ते पटत नाही. आजी डोळ्यांसमोर आणा. साठीतच पाठीतून वाकलेली, जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार घेणारी, दुखतं म्हणून कधी न सांगणारी. कष्टाने शरीर वापरलं जातं. घडतंच असं नाही. व्यायामात जोर लावल्यावर विश्रांती असते, विश्रांतीनंतर अन्न असतं, आणि भार हळूहळू वाढवला जातो. आजीच्या वाट्याला भार तेवढा आला. विश्रांती आली नाही आणि पानात सगळ्यांचं जेवून उरलेलं आलं. कष्टांचं कौतुक करताना त्या कष्टांनी तिचं काय झालं, हेही पाहायला हवं.

पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत बाईच्या हाडांतली घनता वेगाने उतरते. स्नायू तर त्याच्या कितीतरी आधीपासून झिजायला लागलेले असतात. हे सगळं वयाचं म्हणून सोडून द्यायचं, अशी आमच्या आयांची समजूत होती. पण शरीर आपण समजतो त्यापेक्षा उशिरापर्यंत शिकतं. १९९० मध्ये बॉस्टनमधल्या एका अभ्यासात सरासरी नव्वदीच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांसाठी वजनाचे व्यायाम दिले गेले. ज्यांनी ते पुरे केले त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत वाढते, तर पन्नाशीत काय बिघडलंय? तोलाचंही तसंच. म्हातारपणी घात होतो तो बहुतेकदा न्हाणीघरात पाय घसरण्याने आणि खुब्याचं हाड मोडण्याने. शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये घेतला गेला, त्यात व्यायाम करणाऱ्या वृद्धांमध्ये पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी आढळलं. तोल आणि उठबस साधणाऱ्या व्यायामांचा उपयोग त्यात ठळक होता. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींचा व्यायाम करायला सांगते. शटलमागे दोन पावलं आडवं सरकून पुन्हा मध्यावर येणं, यात तोलाचा सगळा पाठ आहे.

आम्ही कॉलेजात असताना चित्र अगदी वेगळं होतं. ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी सर्वांत लांबची शर्यत १५०० मीटरची होती. त्याहून जास्त बाईच्या शरीराला झेपणार नाही, असं शहाणीसुरती माणसं मानत. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला बायकांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली. त्याच ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं आणि आम्ही वर्तमानपत्रातल्या तिच्या फोटोकडे बघून रडलो. पुण्याची मॅरेथॉन त्याच्या आदल्या वर्षी, १९८३ मध्ये सुरू झाली होती. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. आपणही धावावं, हे आमच्यातल्या एकीच्याही मनात आलं नाही.

आज मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांची वेगळी दौड असते, साधारण चार किलोमीटरची, आणि तिच्यात साड्या नेसलेल्या आज्या हसत हात हलवत जातात. ते पाहून ऊर भरून येतो. पण त्याच वेळी बारामतीच्या लता भगवान करे आठवाव्यात. साठी ओलांडल्यावर त्या नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या, कारण पतीच्या तपासण्यांना पैसे नव्हते आणि बक्षिसाच्या रकमेत ते होते. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. उतारवयातला खेळ आमच्यासाठी आरोग्य आहे, आनंद आहे. त्यांच्यासाठी ती निकड होती. शेतमजुरीने घडलेल्या पायांनी ती निभावली म्हणून त्या कष्टांचे गोडवे गावेत, असं मला वाटत नाही. तपासणीसाठी कुणालाच धावावं लागू नये.

गेलेल्या गोष्टींतल्या कशाचं दुःख करायचं, हे म्हणून निवडावं लागतं. मला हळहळ वाटते ती बारीकसारीक रीतींची. खेळ सुरू होण्याआधी हात पालथे-उताणे टाकून चकायचं, आणि शेवटी उरेल तिच्यावर राज्य. गुडघा फुटला की कुंपणाकडेचा दगडी पाला चुरगाळून त्याचा हिरवा रस जखमेवर पिळायचा. जो खेळगडी पाला शोधून आणायचा तो त्या दिवसापुरता डॉक्टर. 'टाइमप्लीज' म्हटलं की पाठलाग करणारीही जागच्या जागी थांबायची, कारण शब्द मोडायचा नसतो. आणि लिंबूटिंबू. धाकटं भावंड कडेवर घेऊन आल्याशिवाय ज्यांना घरून सोडत नसत, अशा मुली पुष्कळ होत्या. त्या भावंडाला खेळात घेतलं जायचं. ते बाद होत नसे, त्याच्यावर राज्य येत नसे, पण ते धावायचं, ओरडायचं, आणि हळूहळू खेळ शिकून एक दिवस खरा गडी व्हायचं. न येणाऱ्याला घरी बसवायचं नाही, असा तो न लिहिलेला नियम. अर्थात ही उदारता आपल्या गल्लीपुरती होती. पलीकडच्या वस्तीतली मुलं कडेला उभी राहून बघत, हेही तितकंच खरं.

आता कोर्टाची वेळ मोबाइलवर आरक्षित होते. बॅचेस पातळीप्रमाणे लागतात, तास संपला की पुढच्या चौघी दारात उभ्या असतात. चकायला वेळ नसतो आणि जखमेला मलम तयार असतं. शिकवणारी व्यक्ती शिकलेली असते, सांधे जपायला सांगते, आधी अंग गरम करून घेते. आमच्या खेळाच्या बाईंनी मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावण्यापलीकडे ते कधी केलं नाही. सोय नक्कीच वाढली. पण नव्याने येणारी पंचावन्नची बाई पहिल्या महिन्यात एकटी पडते. तिच्या पातळीची दुसरी कुणी नसते, आणि चांगल्या खेळणाऱ्या तिला आपल्यात घेत नाहीत. पुष्कळजणी इथेच सोडून देतात. गुडघ्यांमुळे सोडलं असं घरी सांगतात.

ज्या टिकतात त्यांना फार मोलाचं काही मिळतं. कोपनहेगनमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास माणसांवर सुमारे पंचवीस वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अजिबात न खेळणाऱ्यांच्या तुलनेत पळणाऱ्यांचं आयुर्मान तीनेक वर्षांनी अधिक दिसलं, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचं सहा वर्षांहून अधिक, टेनिस खेळणाऱ्यांचं तर जवळजवळ दहा. मुळात सुखवस्तू आणि धडधाकट माणसंच हे खेळ खेळत असतील, म्हणून सगळं श्रेय खेळाला देता येत नाही. पण जोडीने खेळायचे खेळ वर राहिले, याचं एक कारण माणसांचा सहवास असावा, असं अभ्यासकांनाही वाटलं. ते मला मनापासून पटतं. आमच्या पिढीच्या बायकांच्या मैत्रिणी बहुतेक नवऱ्याच्या मित्रांच्या बायका, नाहीतर मुलांच्या मित्रांच्या आया. कोर्टावर पहिल्यांदा अशा मैत्रिणी मिळतात ज्यांना तुमचं आडनाव ठाऊक नसतं, पण डाव्या कोपऱ्यातलं शटल तुम्हाला उचलता येत नाही, हे पक्कं ठाऊक असतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी तो जिंकला आणि त्यांची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. तेराव्या वर्षी आमच्या पायांखालून काढून घेतलेला तोच खेळ. त्या मुलींसाठी टाळ्या वाजवून आम्ही थांबू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. पन्नाशीत सुरुवात करणार असाल तर आधी रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या, दोन महिने रोज भरभर चाला, मांड्या-पोटऱ्यांत ताकद येऊ द्या, आणि मगच रॅकेट हातात घ्या. एकदम उडी मारली तर टाचेमागची शीर तुटू शकते. आणि ज्या आधीपासून खेळताहेत त्यांना विनंती आहे: आठवड्यातला एक दिवस नवीन बाईला आपल्या जोडीत घ्या, त्या दिवशी गुण मोजू नका. तुमच्या बॅचमध्ये तेवढी एक जागा राखून ठेवा.