चांदीच्या गावी रुपयाची गोष्ट

आम्हा खामगावकरांना चांदीचे भारी कौतुक. गावाला रजतनगरीच म्हणतात! पण चांदीच्या रुपयाचे दुखणे बाबासाहेबांनी शोधले, हे परवा घरी चहा घेताना कळले आणि आम्ही चाट पडलो. चांदी घसरली म्हणून १८९३ साली सरकारने लोकांची चांदी टांकसाळीत घेणे थांबवले. या साऱ्या घोळावर बाबासाहेबांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनला निघाला. रुपया स्वस्त झाला की भाव आधी चढतात, मजुरी मागून. नफा मालकाचा, झीज मजुराची, हे त्यांनी त्यात दाखवले.

आई म्हणाली, “म्हंजे आपल्या मजुरीचा हिशेब त्यायनं तवाच मांडला व्हता!”

आम्ही गप्प. तसबिरीला हार रोज घालतो. ग्रंथ मात्र उघडलाच नव्हता.