माघातला मांडवगड

लग्नाला चौतीस वर्षे झाल्यावर आम्हा उभयतांपुढे प्रथमच असा प्रश्न उभा राहिला, की दोघांनीच तीन-चार दिवस कोठे जावे? आम्ही यापूर्वी हिंडलोच नाही असे नव्हे. पण ते सारे वऱ्हाडासारखे. बरोबर आत्याबाई, भाचरे, पुऱ्यांचे डबे आणि कोणाचे तरी दुखणारे गुडघे. लग्नाच्या वर्षी पचमढीला जाण्याचे ठरले होते. त्याच आठवड्यात घरात आजारपण निघाले आणि काढलेली तिकिटे परत करावी लागली. तेव्हापासून ‘पचमढी’ हा शब्द आमच्या घरात ‘पुढे केव्हातरी’ या अर्थाने रूढ झाला.

यंदा जाण्याचे निमित्त मात्र थोडे निराळे होते. आमच्यापैकी एकास गेली तीन वर्षे कमी ऐकू येते. (कोणास, हे लिहिण्याची दुसऱ्यास परवानगी नाही!) कानाला यंत्र लावले आहे, पण ते यंत्र पंख्याची घरघर, ताटवाट्यांचा आवाज आणि माणसाचे बोलणे सारख्याच इमानाने मोठे करते. परिणामी घरातले बोलणे कामापुरते उरले. गोळी घेतली का, दूध तापवले का, सिलिंडर आला का. हे प्रश्न ओरडून विचारता येतात. एखादी गंमत मात्र दोनदा ओरडून सांगितली की तिच्यातली गंमत निघून जाते. मग सांगणारा ‘काही नाही’ म्हणून गप्प बसतो आणि ऐकणाऱ्याच्या मनाला ते ‘काही नाही’ लागून राहते. असे दिवसातून चार वेळा होऊ लागले, तेव्हा आम्हा दोघांनाही थोडी भीती वाटली.

म्हणून स्थळ निवडताना आमची कसोटी एकच होती: गलबला नको. मुलीने गोवा सुचवला, तो पहिल्या फेरीतच बाद झाला. पचमढीसाठी पिपरियापर्यंत रात्रभर आगगाडी आणि पुढे घाट. माघातली तिथली थंडी आता मानवेल असे वाटेना. महेश्वर आवडते, पण इंदूरच्या मराठी माणसास ते माहेरासारखे! घाटावर ओळखीचे कोणी भेटल्यावाचून राहत नाही, आणि साड्यांच्या दुकानात निम्मा दिवस जातो तो वेगळाच.

राहता राहिला मांडवगड, म्हणजेच मांडू. इंदुराहून धार, नालछा करीत सुमारे शंभर किलोमीटर. ओळखीच्या ज्या कोणास सांगितले, त्या प्रत्येकाने हेच म्हटले, की मांडू पाहावे ते पावसाळ्यात. यात खोटे काही नाही. १६१७ मध्ये जहांगीर बादशहा तेथे राहिला होता आणि तिथल्या पावसाळ्याची त्याने आपल्या आठवणींत तोंड भरून स्तुती केली आहे. परंतु बादशहाच्या मागे रविवारची गर्दी नव्हती. शिवाय पावसाळ्यात ढग असे उतरतात, की रूपमतीच्या मंडपातून नर्मदा दिसायची ती दिसतच नाही. आणि तो मंडप प्रसिद्ध आहे तो नर्मदेच्याच दर्शनासाठी. आम्ही माघातला मंगळवार धरला.

माघात मांडू हिरवे नसते, हे आधीच सांगितलेले बरे. गवत पिवळे पडलेले, गोरखचिंचेची प्रचंड झाडे निष्पर्ण, आणि त्यांना लोंबणारी मखमली फळे. पळस नुकता कोठे पेटू लागलेला. पण जहाजमहालाच्या गच्चीवर आम्ही दोघे आणि एक झाडूवाला, एवढीच वस्ती होती. एका अंगाला मुंज तलाव, दुसऱ्या अंगाला कपूर तलाव. दुपारी गोवऱ्यांवर पानांत भाजलेले मक्याचे पानिये आणि डाळ खाल्ली. तूप कमी वाढले, ही एक तक्रार नोंदवून ठेवतो.

रूपमती आणि बाज बहादुर यांच्यावरून मात्र आमचे भांडण झाले. १५६१ मध्ये अकबराचे सैन्य आले. बाज बहादुर लढाई हरला आणि पळाला. मागे राहिलेल्या रूपमतीने विष घेतले, असे सांगतात. तो पुढे १५७० मध्ये अकबराच्याच चाकरीत शिरला. ‘हे कसले प्रेमिकांचे तीर्थ!’ असे एकाचे मत पडले. ‘हरलेल्या माणसाने करावे तरी काय?’ असे दुसऱ्याचे. हे भांडण पाऊण तास चालले, आणि त्यात एकदाही ‘काय म्हणालात?’ असे विचारावे लागले नाही, हे आम्हाला संध्याकाळी लक्षात आले. वाटेत प्रतिध्वनीच्या जागी थांबून आम्ही हाकही मारून पाहिली. प्रतिध्वनी एकासच ऐकू आला. हाक मात्र दोघांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपमतीच्या मंडपात चढलो. मुळात तो पहाऱ्याचा मनोरा. पठाराच्या अगदी कडेवर उभा. खाली निमाडचे मैदान धुरकट दिसत होते. नर्मदेचे दर्शन झाल्याशिवाय रूपमती अन्न घेत नसे, अशी आख्यायिका आहे. आमचा चहा तर झाला होता, त्यामुळे आम्हाला घाई नव्हती. साडेनऊच्या सुमारास धुरकट विरले आणि दूर एक बारीक रुपेरी रेघ दिसली. ती प्रथम कोणास दिसली, यावर अजून एकमत नाही.

तेथेच बसल्या बसल्या पचमढीचा विषय निघाला. तेव्हा कळले, की त्या वर्षी पचमढीला जाण्याची आमच्यापैकी एकास मुळीच इच्छा नव्हती. केवळ दुसऱ्याचे मन मोडू नये म्हणून होकार दिला होता. आणि दुसऱ्याने चौतीस वर्षे हळहळ बाळगली ती पहिल्यासाठी! मग तुला कोठे जायचे होते, असे विचारावे, तोच शाळेची सहल जिना चढून वर आली आणि आम्हाला उठावे लागले. उत्तर खाली उतरल्यावर मिळाले. ते सांगून, त्यावर वाद घालून आणि एकदा हसून होईपर्यंत नालछा मागे पडले होते.